यादी मोकळी आली तर

साळवे तात्या आमच्या ऑफिसात पहिल्यांदा आले ते भांडायला. हातात आमच्याच सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकेची छापील प्रत, तिच्यावर शिसपेन्सिलीच्या खुणा, आणि चेहऱ्यावर इतकी शांतता की आमच्या साहेबांना वाटलं कुणीतरी वर्गणी मागायला आलंय. तात्यांनी प्रत टेबलावर ठेवली, चष्मा शर्टाच्या टोकाला पुसला आणि विचारलं, "हे कुणी लिवलंय?"

"मी," मी म्हटलं.

"हितं म्हणलंय, वेळ निवडा आणि जतन करा, पोस्ट आपोआप जाईल. बरं. आणि न्हाय गेली तर?"

"जातेच, तात्या." त्यांना तात्या म्हणायचं हे कुणाला सांगावं लागत नसे.

"जाती की. पर न्हाय गेली तर माणसानं काय करायचं, कुणाला इचारायचं, ते कुठं लिवलंय?"

ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. बारामतीत बसस्थानकाच्या मागे, मोबाइलच्या दुकानावरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. पोस्टा आधीच लिहून लावून ठेवायच्या आणि ठरल्या दिवशी ठरल्या वेळी त्या आपोआप लोकांच्या फोनवर दिसतील, अशी सोय आम्ही विकतो. पुढाऱ्यांचे वाढदिवस, शाळांचे निकाल, संस्थांच्या सभा. ही सोय कशी वापरायची ते लिहिणं हे माझं काम. मराठीत एम.ए. केलं तेव्हा मनात बरंच काही होतं. प्रत्यक्षात पंधरा वर्षं मी 'येथे क्लिक करा' लिहिते आहे. कुणी वाचत नाही हे मला माहीत होतं, आणि कुणी वाचत नाही म्हणून मीही फार जीव लावत नव्हते. हा माणूस सगळी छत्तीस पानं वाचून आला होता. मला आधी राग आला, मग थोडी लाज वाटली, मग चहा मागवला.

तात्या शेळगावचे. पाटबंधारे खात्यात कालव्यावर मोजणीदार म्हणून उभी हयात काढून निवृत्त झालेले, आणि मग सणसरकडच्या एका पाणी वापर संस्थेचे सचिव. कालव्याला आवर्तन सुटलं की पाणी सगळ्यांना एकदम मिळत नाही. मुख्य कालव्यातून चाऱ्या फुटतात, आणि प्रत्येक चारीवर कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत पाणी घ्यायचं याची यादी लागते. ती ज्याची त्याची पाळी. पाळी चुकली की पाणी पुढे निघून जातं आणि महिनाभर कुणाच्या बापाला परत आणता येत नाही. नोकरीत तात्यांनी ही यादी हाताने लिहिली आणि गावोगावच्या भिंतींवर चिकटवली. आता संस्थेत तीच यादी आमच्या सॉफ्टवेअरमधून लोकांच्या फोनवर जायची. म्हणून ते भांडायला आले होते.

तात्यांनी सचिवपद सोडलं आणि साहेबांनी त्यांना ठेवून घेतलं. आठवड्यातून तीन दिवस, माझ्या शेजारच्या टेबलावर, मराठी माहिती लिहायला. मला वाटलं, म्हातारा महिन्याभरात कंटाळेल. कंटाळले नाहीत. पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं नि एक शिसपेन्सिल, चष्म्याला काळा दोरा. सकाळच्या एसटीने यायचे आणि आल्या आल्या फळ्यावर तारीख लिहायचे. फोनवर असते की तारीख, असं कुणी म्हटलं की म्हणायचे, "फोन तुमचा. फळा सगळ्यांचा."

लिहिलेलं प्रत्येक पान ते उभं राहून मोठ्याने वाचत. प्रोग्रॅमिंगची पोरं कानात इअरफोनची बोंडं घालून बसायची. 'इत्यादी' हा शब्द त्यांना बिलकुल चालत नसे. माझ्या एका पानावरचे चार इत्यादी त्यांनी खोडले आणि समासात लिहिलं, 'म्हणजे काय काय?' मी चिडून म्हटलं, "तात्या, सगळं कसं लिहिणार?" तर म्हणाले, "मग ठाऊक न्हाय म्हणून लिवा. इत्यादी म्हंजे लिवणाऱ्याचा कंटाळा." आणि त्यांचं ते 'न्हाय झालं तर?' हे कुठेही निघायचं. चहावाल्याने दुपारी साडेतीनला येतो म्हटलं, तरी तात्या विचारणार, "आणि न्हाय आलास तर?" तो बिचारा चार वाजता येऊन आधी माफी मागायचा.

कालव्यावरची त्यांची एक गोष्ट ऑफिसात सगळ्यांना पाठ झाली होती. चारीच्या तोंडाशी ज्यांची जमीन असते त्यांना पाणी आधी आणि भरपूर मिळतं, शेपटाकडच्यांपर्यंत ते पोहोचेल तेव्हा खरं. तोंडाकडच्या एका बड्या बागायतदाराने तात्यांना बोलावून घेतलं, खुर्ची दिली, आणि सांगितलं की शेपटाकडच्या दोघांच्या पाळ्या पुढे ढकल, मला दोन दिवस जास्त दे. तात्यांनी यादी काढली आणि तिथंच बसून खाली लिहिलं, 'अमुक अमुक यांच्या सांगण्यावरून पाळी बदलली.' मग कागद त्याच्याच पुढे सरकवून म्हणाले, "सही करा." त्याने सही केली नाही, पाळीही बदलली नाही. तात्यांची मात्र पुढच्या महिन्यात बदली झाली.

"मग काय मिळालं?" एका पोराने विचारलं.

"पाणी," तात्या म्हणाले. "मला न्हाय. त्या दोघांस्नी."

यामागचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं, डबा खाताना, कांदा फोडत. त्यांच्या वडिलांनी छप्पन्नच्या धर्मांतरानंतर गावकीची कामं सोडली आणि शेपटाकडची एकरभर जमीन करायला घेतली. एका उन्हाळ्यात ते पाळीला दारं धरायला, म्हणजे पाणी वाफ्यावाफ्यात वळवायला गेले तर पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याने सांगितलं, यादीत नाव नाही. यादी दाखवा म्हटलं तर दाखवली नाही, आणि दाखवली असती तरी वडिलांना वाचता कुठं येत होतं? जोंधळा वाळला. "लिवलेलं असलं की माणसाला भांडता येतं, मॅडम," तात्या म्हणाले. "तोंडी असलं की निस्तं रडता येतं." मग डब्याचं झाकण लावत, अगदी सहज: "माझ्या कागदानं आजवर कुणाची पाळी बुडाली न्हाय." बढाई म्हणून त्यांच्याजवळ ही एवढीच होती. ती करतानाही त्यांनी आवाज खाली आणला होता.

मग आमच्याकडे एजंट आला. माणसासारखं बोलणारा एआय प्रोग्रॅम, त्याला आमची पोरं एजंट म्हणतात. लोकांनी फोनवर प्रश्न विचारायचा, एजंटाने आमच्या सॉफ्टवेअरमध्ये लावून ठेवलेल्या पोस्टांची यादी काढून बघायची आणि उत्तर द्यायचं. ती यादी काढण्यासाठी पोरांनी एक साधन बनवलं, आणि त्या साधनाची माहिती लिहायचं काम आमच्या दोघांकडे आलं. हे साधन काय करतं, त्याला काय द्यायचं, परत काय येतं. प्रत्येक वेळी साधन वापरण्याआधी एजंट ती माहिती वाचतो आणि तिच्यावर विसंबून चालतो.

"म्हंजे वाचणार माणूस न्हाय?" तात्यांनी विचारलं.

"नाही. यंत्र वाचणार."

"समजलं न्हाय तर परत इचारायला येतं का ते?"

"नाही येत."

"मग तर लई नीट लिवाया पायजे."

मी थकलेली होते. मानेचं दुखणं, घरी सासऱ्यांचं आजारपण, ऑफिसात दर आठवड्याला नवं काहीतरी. जन्मभर माणसांसाठी लिहिलं ते कुणी वाचलं नाही, आता यंत्रासाठी लिहायचं तर ते मात्र शब्द न् शब्द वाचणार, याचं हसू यायला हवं होतं. आलं नाही. तात्या मात्र कामाला लागले. दोन दिवस ते एजंटाची परीक्षा घेत बसले. "आमच्या चारीला पानी कवा हाय रं?" असं पाच तऱ्हांनी विचारलं. यादीत मुद्दाम काहीच लावलेलं नव्हतं, तरी एजंटाने पाचही वेळा ठाम, गोड, शुद्ध मराठीत उत्तर दिलं.

"पोरगं हुशार हाय," तात्या म्हणाले, "पर ठाऊक न्हाय म्हणायची लाज वाटती त्याला. आपल्या तलाठ्यावानी."

त्यांनी माहिती लिहिली. वहीच्या दीड पानात, एकही इत्यादी नाही. पोस्टच्या अवस्था किती, कच्ची म्हणजे अजून न लावलेली, लावलेली, गेलेली, रद्द केलेली, आणि हे साधन त्यातल्या फक्त लावलेल्या आणून देतं. आणि शेवटी एक ओळ, खाली दोनदा रेघ मारून: 'यादी मोकळी आली तर पाळी नाही असे धरू नये, पोस्ट दुरुस्तीसाठी कच्च्यात काढलेली असू शकते. अशा वेळी मला माहीत नाही, सचिवांना विचारा, असे सांगावे.'

मी ते इंग्रजीत उतरवलं. साधनाच्या माहितीला जागा कमी, जितके शब्द तितकं यंत्र मंद, आटपा, असा पोरांचा धोशा. मी शेवटची ओळ वाचली. फक्त लावलेल्या पोस्टा येतात असं वर म्हटलंच आहे, मग कच्च्या येत नाहीत हे उघड आहे, असं वाटलं. खरं सांगायचं तर एवढंही वाटलं नाही. जेवायची वेळ झाली होती. मी ओळ काढली आणि फाइल पाठवून दिली. तात्यांना इंग्रजी जेमतेम येतं. "सगळं घेतलं न्हवं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "घेतलं."

उन्हाळी आवर्तन सुटलं. सणसरला शालनकाकू म्हणून एक आहेत. नवरा ट्रकवर, घरची दोन एकर त्या एकट्या बघतात, तीही चारीच्या शेपटाला. त्यांची लेक इंदापूरच्या दवाखान्यात बाळंतपणाला होती. जाऊ की नको, हा काकूंपुढे प्रश्न, कारण पाळी आली आणि दारं धरायला कुणी नसलं तर सगळंच गेलं. त्यांनी फोनवर एजंटाला विचारलं. त्या दिवशी संस्थेच्या कारकुनाने काकूंच्या चारीची पोस्ट वेळ दुरुस्त करायला कच्च्यात काढून ठेवली होती. एजंटाने यादी मागवली, यादी मोकळी आली. त्याने उत्तर दिलं, 'या आठवड्यात आपल्या चारीला पाळी नाही. निर्धास्त राहा.' ते निर्धास्त त्याने पदरचं घातलं होतं.

काकू निर्धास्त होऊन इंदापूरला गेल्या. दुसऱ्या दिवशी कारकुनाने पोस्ट परत लावली, ती गेलीही, पण दवाखान्याच्या धावपळीत फोन बघतं कोण? नातू झाला. पेढे घेऊन त्या परत आल्या तेव्हा चारी कोरडी होती, पाणी येऊन गेलं होतं. जनावरांसाठी केलेला मका पुढच्या आवर्तनापर्यंत टिकला नाही, आणि दोन म्हशींतली एक बाजारात गेली. लोकांनी सोन्यासारखी म्हणावी अशी म्हैस होती म्हणे.

संस्थेने सभा बोलावली, सणसरच्या समाजमंदिरात. आम्ही तिघं गेलो, साहेब, तात्या आणि मी. गाडीत साहेबांनी बजावलं, माफीबिफी मागायची नाही, तपासून बघू म्हणायचं. तात्या खिडकीतून उसाकडे बघत होते. आदल्या दिवशी त्यांनी साधनाच्या माहितीची प्रत मागून घेतली होती आणि समोर डिक्शनरी ठेवून दुपारभर अर्थ लावत बसले होते. मला त्यांच्या टेबलाकडे बघवत नव्हतं.

सभेत अध्यक्ष म्हणाले, यंत्र चुकलं. साहेब म्हणाले, तपासून बघू. लोक कुजबुजत होते. शालनकाकू पुढच्या सतरंजीवर बसल्या होत्या, पदर डोक्यावर, नजर सतरंजीकडे. आणि तात्या उभे राहिले.

"यंत्र चुकलं न्हाय," ते म्हणाले. "यंत्राला जे लिवून दिलं तसं ते वागलं. लिवायचं काम माझं. कागद माझ्या नावचा. चूक माझी हाय."

काकूंनी पहिल्यांदा वर बघितलं. "काय बी काय बोलताय, तात्या! तुमी लिवलं असतं तर चुकलं असतं व्हय? मी सासरी आल्यापासनं तुमचा कागद बघती भिंतीवर."

"चुकलं, शालन."

"अवो, तुमी तितं लिवायला हाय म्हणून तर म्या त्या फोनला इचारलं." त्यांचा आवाज फाटला. "न्हायतर मशिनीवर इसवास ठेवून कोण लेकीकडं जातंय? शेजारणीला सांगून गेली असती की मी दारं धराया."

तात्यांनी मान खाली घातली. मी मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. उठून एक वाक्य बोलायचं होतं, ती ओळ यांनी लिहिली होती, मी काढली. साहेबांचा धाक होता, नोकरी होती, हे सगळं खरं. पण त्याहूनही खरं हे की पन्नास माणसं वळून माझ्याकडे बघतील याची मला भीती वाटली. मी उठले नाही. सभा संपली. चहा झाला. मी तो प्यायलाही.

ती ओळ मी दुसऱ्या दिवशी गुपचूप परत घातली. आजही आहे. तात्या पुढचे चार दिवस रोज आले, तीन दिवसांचं बंधन असूनही. फळ्यावर तारीख लिहायचे, जागेवर बसायचे, काही वाचायचे नाहीत, लिहायचे नाहीत. मी मान खाली घालून काम करत असल्याचं नाटक करत होते. पाचव्या दिवशी त्यांनी साहेबांना राजीनाम्याचा कागद दिला, सगळ्यांना नमस्कार केला, पोरांच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि पिशवी घेऊन जिना उतरले.

मी मागोमाग धावले. मागच्या बसस्थानकात, इंदापूरच्या गाडीच्या फलाटावर ते उभे होते. दुपारचं ऊन, गर्दी नव्हती.

"तात्या," मी म्हटलं, "ती शेवटची ओळ मी काढली होती."

"ठाऊक हाय."

"कधी कळलं?"

"सभेच्या आदी. कागद लावून बघितला न्हवं का म्या?"

"मग तुम्ही नाव का नाही घेतलं माझं?"

"नाव दुसऱ्यानं घ्यायचं नसतं, मॅडम." ते बस येते का ते बघत होते. "तुमी घ्याल म्हणून चार दिस बसून हुतो."

मला रडू आलं. मी माफी मागितली. भर स्टँडवर, दोन वेळा. त्यांनी मला थांबवलं नाही आणि समजूतही घातली नाही.

"मला मागून काय उपेग?" ते म्हणाले. "माझी पाळी बुडाली न्हाय."

बस लागली. ते चढले. पायरीवरून वळून एवढंच म्हणाले, "ही सणसरवरनंच जाती." आत जाऊन खिडकीशी बसले आणि शेजारच्या सीटवर ठेवलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली. माझ्याकडे एकदा बघितलं, बोलावलं नाही. मग समोर बघत बसून राहिले. शेजारची जागा मोकळी होती. कंडक्टरने दार ओढलं, घंटी दिली, आणि गाडी स्टँडबाहेर वळेपर्यंत मला त्यांचं पांढरं डोकं दिसत होतं.

सणसरवरून जाणारी पुढची गाडी पाऊण तासाने होती. मी बाकावर बसून राहिले. ती आली, लोक चढले, ती गेली. मी ऑफिसला परत आले.